मुदत उलटलेला सरस

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरातल्या मोडक्या वस्तूंना एकदम कंठ फुटतो. वर्षभर त्या बिचाऱ्या कोपऱ्यात मुकाट्याने पडलेल्या असतात. त्यांच्या मोडकेपणाची सर्वांना सवय होऊन गेलेली असते. पण घर झाडायला काढले की एकेक वस्तू पुढे येऊन आपले गाऱ्हाणे मांडू लागते. यंदा पहिला मान स्टुलाने पटकावला. माळ्यावरची मोठी परात, चकलीचा सोऱ्या, पितळी डबे खाली काढायचे तर स्टूल पाहिजे. आणि स्टुलाचा एक पाय खालच्या आडव्या पट्टीतून सुटून लहान मुलाच्या दुधाच्या दातासारखा हलत होता. स्टुलापाठोपाठ गतवर्षीचा आकाशकंदील हजर झाला. त्याच्या दोन कामट्या सुटल्या होत्या.

"अहो, एवढी दोन कामं हातावेगळी करा," असा हुकूम सुटला.

अशा वेळी मी टेबलाचा सर्वांत खालचा खण उघडतो. बंद पडलेले घड्याळ, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, गंजलेले खिळे आणि सुतळीचे गुंडे यांच्या तळाशी मला ती जोडनळी सापडली. एका नळीत रेझिन, दुसरीत हार्डनर. दोन्ही सारखे घ्यायचे, कालवायचे, लावायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. इपॉक्सी हे तिचे शास्त्रीय नाव. खोक्यावर मुदतीची तारीख छापलेली होती. ती उलटून चार वर्षे झाली होती.

"फेकून द्या," सौभाग्यवती म्हणाल्या. "औषधाची बाटली असती तर ठेवली असती का?"

"बाबा, काही होत नाही," इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेले चिरंजीव म्हणाले. "कंपन्या तारखा घालतात त्या नवा माल खपावा म्हणून."

आई वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "अरे, तारीख कसली पाहतोस? वास घेऊन बघ. आमच्या वेळी लोणच्याच्या बरणीवर कुठे तारीख होती?"

तिन्ही मतांत थोडे थोडे तथ्य होते, हीच तर अडचण. नळी हातात धरून मी तसाच बसलो. आणि मला आठवले की हा वाद काही आमच्याच घरचा नाही. अमेरिकेतल्या गॅरेजांत आणि तळघरांत तो कित्येक वर्षे चालू आहे. तिथे मात्र टेबलावर स्टूल नसते. विमानाचा पंख असतो.

वाचकांपैकी काहींना ही थट्टा वाटेल. पण घरी विमान बांधणे हा तिकडे जुना आणि राजमान्य छंद आहे. मिनेसोटा राज्यातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पिटेनपोल नावाचा एक गृहस्थ होता. त्याने १९२९ साली लाकडाचे दोन आसनी विमान बांधले आणि त्याला फोर्ड मोटारीचे इंजिन बसवले. त्या विमानाचे नकाशे घेऊन लोक आजही ते बांधतात. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी याने विस्कॉन्सिनमध्ये अशा हौशी लोकांची संघटना काढली. दर उन्हाळ्यात ऑशकॉश या गावी तिचा मेळा भरतो, आणि माणसे स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानांतून तिथे उतरतात. आपल्याकडेही हे वेड अगदीच अपरिचित नाही. कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ सालच्या मुंबईतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात पुष्कळांनी पाहिले असेल. पुढच्याच वर्षी त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली.

अमेरिकेत कायदा असा आहे की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असावा. सरकारी तपासनीस येतो, कागद पाहतो, विमान पाहतो आणि परवाना देतो. पहिले काही तास, साधारणपणे पंचवीस ते चाळीस, विमान ठरावीक टापूतच उडवायचे आणि उतारू बसवायचा नाही. त्यानंतर शेजाऱ्याला घेऊन खुशाल फिरा. मात्र हे विमान हौशी माणसाने बांधलेले आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम ते पाळत नाही, अशी पाटी उतारूला दिसेल अशी लावलेली असली पाहिजे.

आता या मंडळींच्या कपाटात मुदत उलटलेले इपॉक्सी येते कुठून? आपल्या खणात येते तिथूनच. माणूस उमेदीने नकाशे आणतो, स्प्रूसचे लाकूड आणतो, बर्चचे प्लायवुड आणतो, सरसाचे मोठाले डबे आणतो. पहिल्या हिवाळ्यात शेपटी तयार होते. मग मूल होते. मग नोकरी बदलते, घर बदलते. अर्धवट विमान छताला टांगून ठेवतात, डबे फळीवर जातात. पाच वर्षांनी एका रविवारी मालकाला पुन्हा उमेद येते, तो फळीवरचा डबा काढून झाकणावरची धूळ पुसतो, आणि तिथे तारीख असते. रेझिनच्या तळाशी पांढरा रवाळ साका जमलेला असतो. हार्डनर कोऱ्या चहासारखा तांबूस झालेला असतो. समोर पंखाचा मुख्य दांडा असतो, ज्यावर विमानाचा सारा भार हवेत तोललेला राहणार.

विमानातला सरस ही गोष्ट नवी नाही. सुरुवातीची लाकडी विमाने दुधातल्या केसीनच्या सरसाने जोडत. तो सरस मजबूत, पण ओल लागली की मऊ पडणारा आणि बुरशीला आवडणारा, दुधाचाच तो. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे नामांकित 'मॉस्किटो' विमान प्लायवुड आणि बाल्सा लाकूड एकमेकांना चिकटवून केलेले होते, आणि त्याचे भाग फर्निचर करणाऱ्या कारखान्यांतही तयार होत. सुरुवातीला त्यात केसीन होते, पुढे कृत्रिम राळेचा सरस आला. १९४४ च्या अखेरीस आपल्या हिंदुस्थानातच यांतली काही विमाने हवेत मोडून पडली. मग इथल्या मॉस्किटोंची उड्डाणे थांबवून सांधे तपासण्यात आले. दोष इथल्या दमट हवेचा की कारखान्यातल्या हातांचा, यावर पुष्कळ वाद झाला. चौकशीत जोडकामातले दोषही सापडले. सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की ती विमाने कारखान्यातून निघाली तेव्हा तपासून, उडवून पाहिलेली होती.

इपॉक्सी त्या मानाने अलीकडचे. स्वित्झर्लंडमधल्या पिएर कास्टान या रसायनशास्त्रज्ञाने ते १९३० नंतरच्या दशकात शोधले, आणि तेही कशासाठी, तर दातांच्या कवळ्या बनवायला. पुढे बाझलच्या सीबा कंपनीने ते १९४६ साली सरस म्हणून बाजारात आणले. त्या सरसाचे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियात बर्ट रूटान याचे 'व्हॅरिईझ' उडाले आणि घरी विमान बांधणाऱ्यांत क्रांती झाली. हलका फोम तापलेल्या तारेने कापायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड पसरायचे आणि ते इपॉक्सीत भिजवून वाळू द्यायचे, अशी ती रीत. म्हणजे त्या विमानात इपॉक्सी हा नुसता सांधा राहिला नाही. विमानाचे अंगच इपॉक्सीचे झाले. ही विमाने पांढरी दिसतात याचे कारणही तेच. उन्हात गडद रंग तापतो, आणि ठरावीक उष्णतेच्या वर इपॉक्सी मऊ पडू लागते.

तर आता मूळ प्रश्न. तारीख उलटली म्हणजे डब्यात नेमके काय होते?

याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. इडलीसाठी लागणारे तांदूळ आणि उडदाची डाळ वेगवेगळ्या डब्यांत महिनोन् महिने राहतात. त्यांचे फार तर काय होईल? जुनाट होतील, ओल धरतील. पण एकदा दोन्ही वाटून एकत्र कालवले की घड्याळ सुरू झाले. ते पीठ तुम्ही शीतकपाटात ठेवलेत तरी घड्याळ हळू होते, थांबत नाही.

मोठ्या विमान कारखान्यांत वापरतात ती इपॉक्सीची पट्टी किंवा कापड हे असे कालवलेले पीठ असते. रेझिन आणि हार्डनर त्यात आधीच एकत्र केलेले असतात आणि कडक थंडीत ठेवून त्यांची आंबण्याची क्रिया मंद केलेली असते. बाहेर काढल्यापासूनचा तासन् तास हिशेब वहीत लिहावा लागतो. अशा मालावरची तारीख म्हणजे अगदी खरी तारीख. गॅरेजातल्या माणसाजवळ असतात ते दोन वेगळे डबे, म्हणजे तांदूळ आणि डाळ. त्यांच्या बाबतीत आमच्या चिरंजीवांचे म्हणणे बरेचसे खरे आहे. तारखेच्या रात्री बारा वाजता त्यांत काहीही घडत नाही.

तळाशी जमलेला पांढरा साका पाहून नवखा माणूस घाबरतो. पण थंडीत मध साखरतो ना, तसलाच तो प्रकार आहे. रेझिनचे रेणू शिस्तीने एकमेकांशेजारी बसतात आणि त्यांचे कण होतात. रसायन बदलत नाही. डबा ऊन पाण्यात, साधारण पन्नास-पंचावन्न अंशांवर, निवांत ठेवला, ढवळला, की मध पातळ व्हावा तसे ते पुन्हा नितळ होते. (विस्तवावर धरायचा नाही, हे सांगायला नकोच.) मात्र एकही कण उरता कामा नये आणि थंड झाल्यावरच ते वापरायचे, कारण गरम रेझिन कालवले की ते प्याल्यातच धूर काढून दगड होते. साका तसाच ठेवून वरवरची निवळी वापरणाऱ्याचे मात्र गणित चुकते.

कारण इपॉक्सी हा सारा गणिताचा मामला आहे. लाकडावरचा पांढरा गोंद पाणी उडून सुकतो. इपॉक्सी सुकत नाही. त्यातून काहीच उडून जात नाही. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे ताणलेले त्रिकोणी कडे असते. हार्डनरमधली अमाइने ते कडे उघडतात आणि तिथे स्वतः जोडली जातात. असे लाखो-करोडो हात गुंफले गेले की घट्ट जाळे तयार होते. मोजके हात, मोजकी कडी. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळेल ही समजूत साफ चुकीची. जास्तीच्या हार्डनरला धरायला कडीच उरत नाहीत, आणि तो आपला जाळ्यात ढिला लोंबकळत राहतो.

खरी भीती असेल तर ती हार्डनरची. त्याचा रंग गडद झाला याने फारसे बिघडत नाही. पण झाकण सैल राहिले तर तो हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. बाटलीच्या तोंडाशी पांढरी पापडी दिसते ती याच कारणाने. जी अमाइने हवेशी संसार थाटून बसली ती रेझिनच्या कामाची राहिली नाहीत. माप बरोबर घेतले तरी जोड्या जुळत नाहीत. डब्याला तारीख कळत नाही; झाकण नीट लावले होते की नाही, ते त्याला पक्के कळते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेला पण सील न फोडलेला डबा चांगला निघतो, आणि मुदतीत असलेला, उन्हाळाभर अर्धवट उघडा राहिलेला डबा दगा देतो. (जाता जाता एक सांगतो. हार्डनर वरचेवर हाताला लागला तर कातडीला त्याचे कायमचे वावडे होऊ शकते. हातमोजे घालावेत.)

मग वास घेऊन पाहावा, हे आईचे मत? अनुभवी विमानकार वास घेत नाहीत, पण त्याच जातीची परीक्षा घेतात. जे लाकूड विमानाला वापरायचे त्याच लाकडाचे दोन तुकडे घ्यायचे, त्याच सरसाने जोडायचे, आठवडाभर ठेवायचे आणि शिकंज्यात धरून हातोड्याने मोडायचे. मग मोडलेला पृष्ठभाग भिंगातून पाहायचा. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू उपटून आलेले दिसले, म्हणजे लाकूड मोडले आणि सांधा टिकला, तर सरस पास. एका बाजूला गुळगुळीत, काचेसारखी चकाकी दिसली तर तो डबा सरळ कचऱ्यात. नेटकी माणसे दर वेळी कालवलेल्या सरसाचा असा एक नमुना करतात, त्यावर तारीख घालतात आणि खोक्यात भरून ठेवतात. अशा नमुन्यांच्या खोक्यावरून विमान बांधणाऱ्याचा स्वभाव कळतो, असे मला वाटते.

इथपर्यंत आमचे चिरंजीव जिंकत होते. डबा तापवला, साका विरघळला, नमुना मोडला, लाकूड फुटले, सांधा राहिला. आता पंख चिकटवायला काय हरकत आहे?

हरकत अशी की तो नमुना आठ दिवसांचा होता.

१० जुलै २००६ च्या रात्री बॉस्टन शहरातल्या एका बोगद्याचे छत खाली आले. सुमारे सव्वीस टनांच्या काँक्रीटच्या लाद्या आणि त्यांचे सामान एका मोटारीवर पडून आतली स्त्री ठार झाली. त्या लाद्या वरच्या स्लॅबला इपॉक्सीत रोवलेल्या सळ्यांनी टांगलेल्या होत्या. सळ्या बसवताना ओढून पाहण्याची चाचणी झाली होती. सरसाची मुदतही उलटलेली नव्हती. पण लवकर वाळणाऱ्या जातीचे ते इपॉक्सी होते, आणि चौकशीत निघाले ते असे की घटकाभराचा भार ते उत्तम सोसते, मात्र कायमचा टांगलेला भार असला तर केसाकेसाने सरकत जाते. चाचणीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खरेच होते. प्रश्न निराळा विचारायला हवा होता.

आणि दुसरी हकीकत तर विमानाचीच. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ हवाई बेटांतल्या हिलोहून होनोलुलूला निघाले होते. चोवीस हजार फुटांवर असताना त्याच्या पुढच्या भागाचे सुमारे अठरा फूट छप्पर सोलून उडून गेले. उतारू पट्ट्यांनी बांधलेले होते. डोक्यावर उघडे आकाश. सेवा देत उभी असलेली एक परिचारिका बाहेर फेकली गेली, ती कायमचीच. सुमारे तेरा मिनिटांनी वैमानिकांनी ते विमान माउई बेटावर उतरवले. बाकी सारे वाचले.

ते विमान १९६९ साली बनलेले. त्याच्या अंगाचे पत्रे एकमेकांवर चढवून, मध्ये इपॉक्सीत भिजवलेली कापडाची पट्टी घालून जोडलेले होते, आणि वरून रिव्हेटांच्या तीन ओळी. भार सोसायचा तो मुख्यतः सरसाने. ही पट्टी म्हणजे मघाचे कालवलेले पीठ. ती कोरड्या बर्फाच्या थंडीत साठवायची, काढली की मर्यादित वेळात लावायची आणि साध्या हवेत घट्ट होऊ द्यायची. आता बर्फातून काढलेल्या पेल्यावर दव जमते, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. तसेच दव पट्टीवर जमे. कधी लावण्याआधीच ती घट्ट होऊ लागे. सांधे त्या दिवशी चिकटले. वर्षे गेली, समुद्राची खारी हवा फटीत शिरली, गंज चढला, सरस सुटला, आणि त्याचा भार रिव्हेटांच्या भोकांवर आला. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करीत त्या विमानाने ८९,६८० उड्डाणे केली होती. दर उड्डाणाला अंग फुगायचे आणि बसायचे, भोकांच्या कडांना बारीक भेगा पडत गेल्या आणि एक दिवस त्या एकमेकींना मिळाल्या. तपासणीत हे सारे पकडायला हवे होते, असा ठपका चौकशी मंडळाने विमानकंपनीच्या देखभालीवर ठेवला. बोइंगने ही चिकटवण्याची पद्धत १९७२ मध्येच सोडून दिली होती.

आपण या हकिकतीत कारखाना पाहिला, बर्फाची कोठी पाहिली, नियमांच्या वह्या पाहिल्या. गॅरेजात यांतले काय असते? तिथे एक माणूस असतो आणि एक कंदिलाएवढा दिवा.

आणखी एक गोष्ट आहे, जी लाकूडकाम करणारालाच नीट उमगेल. सांधा एकदा मिटला की तो दिसत नाही. खिळा वाकला तर दिसतो, पत्रा चिरला तर दिसतो. सरसाचा थर दोन फळ्यांच्या मध्ये कायमचा कोंडलेला. नारळ निवडताना आपण वाजवून पाहतो, तसे नाणे घेऊन पंख टकटक वाजवून पाहतात. पोकळी असली तर आवाज बदलतो. पण दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले आहेत आणि नुसते टेकलेलेच आहेत, चिकटलेले नाहीत, अशी जागा छान खणखणीत वाजते. सांधा न मोडता त्याचे बळ किती, हे खात्रीने सांगणारे यंत्र आजही नाही. तपासनीस येतो तेव्हा पंखावर कापड चढवून झालेले असेल तर त्याला फक्त रंग दिसतो. बांधणाऱ्याची वही आणि त्याने काढलेली छायाचित्रे, एवढ्यावर विश्वास.

म्हणून मला वाटते, या वादात सरस खराब होतो की नाही यावर माणसे नको इतकी भांडतात. पुष्कळदा तो होत नाही. तारीख छापून कंपनी म्हणत असते की सील न फोडता, नीट जागी ठेवलात तर अमुक दिवसापर्यंत याची हमी माझी. त्या दिवसानंतर सरस तोच राहतो, हमी घेणारा बदलतो. आता ती हमी तळघरातल्या माणसाची. मोठे कारखानेसुद्धा जुन्या मालाच्या रीतसर चाचण्या घेऊन मुदत वाढवतात. पण त्यांच्याकडे भट्ट्या असतात, ओल आणि उष्णता यांच्या पेट्या असतात, मोजणारी यंत्रे असतात. आपल्याकडे शिकंजा आणि हातोडा.

आणि हमी कोणाला द्यायची, तेही पाहावे लागते. स्वतःच्या जिवाचा जुगार माणसाने खेळावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण विमानाला बहुधा दोन आसने असतात. दुसऱ्या आसनावर बायको बसते, भाऊ बसतो, विमान पाहून हरखलेला शेजाऱ्याचा मुलगा बसतो. त्याने पाटी वाचलेली असते. पंख कोणत्या डब्याने चिकटवला हे पाटीवर नसते. पुढे ते विमान विकले जाते. वीस वर्षांनी तिसऱ्याच गावातला कोणी ते घेतो, तेव्हा सरसाच्या डब्याची तारीख जाणणारा माणूस हयात असेल की नसेल. हे सगळे कशापायी? तर ज्या कामात लाकूड, इंजिन, उपकरणे यांना पैसा ओतला आणि आयुष्यातली आठ-दहा वर्षे घातली, त्यातल्या सर्वांत किरकोळ खर्चाच्या वस्तूची बचत व्हावी म्हणून.

जाणते लोक यातून साधा मार्ग काढतात. जुना डबा फेकतही नाहीत आणि पंखालाही लावत नाहीत. साचे, आधाराच्या चौकटी, बैठकीची सजावट, जिथे सुटले तर हळहळण्यापलीकडे काही होणार नाही तिथे तो संपवतात. मुख्य दांड्याच्या दिवशी नवा डबा फोडतात, तोही लहान, आणि झाकणावर फोडल्याची तारीख लिहितात. नमुना मात्र नव्या डब्याचाही करतात, हे विशेष.

तर आमच्या नळीचे काय झाले? रेझिन रवाळ होते. ते ऊन पाण्यात ठेवून नितळ केले. हार्डनर तांबूस, पण तोंडाशी पापडी नव्हती. जुन्या फळीचे दोन तुकडे जोडले आणि चिरंजीवांनी आठवड्याने ते शेजारच्या सुताराच्या शिकंज्यात धरून मोडले. लाकूड फुटले, सांधा जागच्या जागी. विजयी मुद्रेने ते तुकडे त्यांनी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले.

"मग आता स्टूल चिकटवणार ना?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी आईकडे पाहिले. तिला अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. माळ्यावरचे डबे आपणच काढायचे, दुसऱ्या कोणाला त्यांतला क्रम कळत नाही, असा तिचा आग्रह आहे. आणि ती त्या वेळी माळ्याखाली उभी राहून वर पाहत होती.

मी चपला घातल्या आणि बाजारात जाऊन नवी नळी घेऊन आलो. जुन्या नळीने आकाशकंदिलाच्या कामट्या चिकटवल्या. तो आता गॅलरीत लटकतो आहे आणि सुरेख दिसतो. स्टुलाच्या खाचेतला जुना सरस खरवडून काढला, नव्याने जोडले, दोरीने आवळले आणि चार दिवस कोणी त्यावर पाय ठेवायचा नाही असे बजावले. त्या चार दिवसांत सोऱ्या शेजारून आणावा लागला आणि त्याबद्दल मला बरेच ऐकून घ्यावे लागले.

पाचव्या दिवशी आई स्टुलावर चढली. मी खाली पाय धरून उभा. वरून तिचा आवाज आला, "अरे, नवीन आणलास तो वास घेऊन पाहिला होतास ना?"